चंपाची न भरलेली ओटी

डॉक्टर अच्युत वेलकरांना लालबागेत हुशार डॉक्टर असं कुणी म्हणत नसे. हुशार डॉक्टर दादरला असतात, त्यांच्या दारावर पितळी पाटी असते आणि ते पेशंटशी कमी बोलतात. वेलकर हे ‘आपले’ डॉक्टर होते. मोरजे चाळीच्या तळमजल्यावर, पिठाच्या गिरणीला लागून त्यांचा दवाखाना. पुढे दोन बाकं, मध्ये हिरवा पडदा, पडद्यामागे टेबल आणि बाजूच्या खिडकीत कंपाउंडर चिंतामणी. घरून रिकामी बाटली आणायची, चिंतामणीने त्यात लाल नाहीतर पिवळं मिक्श्चर ओतायचं, डोसांच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवायची, की माणूस निम्मा बरा होऊनच बाहेर पडायचा. उरलेला निम्मा डॉक्टरांच्या हाताने बरा व्हायचा. त्यांच्या हाताला गुण आहे अशी चाळीची पक्की खात्री होती. नाडी न बघता नुसतं औषध दिलं, तर बायका बाटली परत खिडकीत ठेवून उभ्या राहत.

वेलकर मूळचे गिरगावातले, पाठारे प्रभू. आजोबा सरकारी कचेरीत बडे हुद्देदार, ठाकुरद्वारला स्वतःचं घर, घरात खाण्यापिण्याचा थाट. अशा घरातल्या मुलाने गिरणगावात दवाखाना का घातला, याचं उत्तर नातेवाइकांनी केव्हाच काढून ठेवलं होतं: दुसरीकडे चालला नसता. डॉक्टरही ते नाकारत नसत. सकाळी ट्रामने यायचं, दुपारी डब्यातलं गार जेवायचं, संध्याकाळची गर्दी उपसायची आणि ट्रामने परत जायचं. वीसएक वर्षं अशी गेली. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि मोरजे चाळीचे जिने मात्र होते तेवढेच उभे राहिले.

चाळीचा त्यांच्यावर खरा जीव जडला तो छप्पनच्या जानेवारीत. मुंबई महाराष्ट्राला द्यायला सरकार तयार नव्हतं, लोक रस्त्यावर उतरले, गोळ्या चालल्या. त्या दिवसांत डॉक्टर घरी गेलेच नाहीत. दवाखान्याचं दार अर्धं ओढून घ्यायचं आणि येईल त्याला बांधायचं. तिसऱ्या मजल्यावरचा दौलत, कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणारा आणि संयुक्त महाराष्ट्राच्या कामाला सदा पुढे, दंड फाटलेला घेऊन आला. पाठोपाठ हवालदार आला. डॉक्टरांनी दारातच सांगितलं, “इथे गळवं कापतो मी. बघायचंय?” हवालदाराला गळवं बघायची नव्हती. दौलतचा हात वाचला, आणि त्याची आई मंजुळाबाई त्या दिवसापासून देवाच्या आधी डॉक्टरांचं नाव घेऊ लागली. गणपतीत पहिली आरती झाली की मोदकांचं ताट दवाखान्यात. शिमग्याला गावाहून आलेले काजू दवाखान्यात. डॉक्टरांना हे सगळं आवडायचं. न आवडायला ते काही संत नव्हते.

सत्तावन्नच्या उन्हाळ्याच्या अखेरीस फ्लू आला. बोटीतून आला म्हणतात. कशातूनही आलेला असो, मोरजे चाळीत तो पायीच शिरला आणि एकेका खोलीत मुक्काम करत वर चढला. गिरणीतले साचे माणसांवाचून बंद पडू लागले. दवाखान्यातली बाकं कमी पडली, मग पायरी भरली, मग पिठाच्या गिरणीसमोर रांग लागली. खोकणारी माणसं एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून बसत. डॉक्टर सकाळपासून नाड्या धरत, जिभा बघत, पाठीवर नळी लावत, आणि मग पिशवी उचलून जिने चढत. रात्री घरी पोचल्यावर चपला काढायला वाकायचंही जिवावर येई. त्यात राजलक्ष्मीबाई, म्हणजे त्यांची बायको, तापाने आडवी झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा डॉक्टरांना स्वतःच्या घरातल्या माणसाची नाडी बघताना कंटाळा आला, आणि त्या कंटाळ्याची त्यांना लाज वाटली.

अशात सरकारकडून खाजगी डॉक्टरांसाठी छापील सूचनांचा कागद आला. कागद शहाण्या माणसाने लिहिला होता, यात वाद नाही. दवाखान्यात गर्दी होऊ देऊ नये. तापकऱ्याने ताप उतरल्यावरही काही दिवस घरीच, वेगळ्या खोलीत राहावं. ऊठसूट पेनिसिलिन टोचू नये. म्हातारे, हृदयविकारी आणि विशेषतः गर्भवती स्त्रिया यांना तापाच्या माणसांपासून आणि समारंभांपासून दूर ठेवावं. त्यांना न्यूमोनिया लवकर होतो. लोकांना हे समजावण्याचं काम कुटुंबाच्या डॉक्टरइतकं कुणीच चांगलं करू शकणार नाही, असंही शेवटी गोड शब्दांत म्हटलं होतं.

“वेगळी खोली म्हणे,” चिंतामणी कागद वाचून म्हणाला. “साहेब, एका खोलीत नऊ माणसं झोपतात इथे. एकाला वेगळं काढायचं तर आठांना गटारावर झोपवायला लागेल.”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांची नजर गर्भवती स्त्रियांच्या ओळीवर थांबली होती. मोरजे चाळीत तेव्हा एकच बाई पोटुशी होती. दौलतची बायको, चंपा.

चंपाची आधीची दोन बाळंतपणं वाया गेली होती. पहिलं पाचव्या महिन्यात, दुसरं सहाव्यात. दोन्ही वेळा डॉक्टरच होते, दोन्ही वेळा त्यांनीच बाहेर येऊन मंजुळाबाईला सांगितलं होतं. आता सातवा लागला होता. आजवर कधी लागला नव्हता तो लागला, म्हणून मंजुळाबाईने चंपाचं डोहाळजेवण थाटात करायचं ठरवलं. चाळभर बोलावणं गेलं. मंजुळाबाई स्वतः विधवा. सुनेची ओटी तिला भरता येणार नव्हती. ती डॉक्टरांकडे आली आणि पदर सावरून म्हणाली, “पहिली ओटी तुमच्या बाईंच्या हातानं. तुमच्या हाताला गुण, तसा त्यांच्याबी असणार. नाय म्हणू नका.”

हे फ्लूच्या आधीचं. डॉक्टर तेव्हा हो म्हणाले होते, आणि राजलक्ष्मीबाईंनी कपाटातून हिरवा खणसुद्धा काढून ठेवला होता.

कागद आला त्या संध्याकाळी डॉक्टर तिसरा मजला चढून गेले. चंपा खिडकीशी पाय पसरून शेंगा सोलत होती. तिला ताप नव्हता, खोकला नव्हता. गाल भरले होते. डॉक्टर दारातच उभे राहिले, आत गेले नाहीत. दिवसभर तापकऱ्यांत वावरलेला माणूस, तो कशाला जाईल?

“मंजुळाबाई, डोहाळजेवण पुढे ढकला. नववा लागला की करा.”

“नवव्यात?” मंजुळाबाईने सूप खाली ठेवलं. “दोन येळा सातवा बघायला मिळाला नाय आमका. आता देवानं दाखवला तर तोंड फिरवू?”

“साठ बायका येतील. एकेक जण तिच्या तोंडाशी वाकणार, कुंकू लावणार, घास भरवणार. त्यातल्या एकीला जरी ताप असला...”

“असली तर ती कशाला येल? चाळीतल्या बायका काय वैरी आहेत?”

तेवढ्यात दौलत कामावरून आला. रविवारी चाळीच्या पटांगणात संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा होती, तीही डॉक्टरांनी पुढे ढकलायला सांगितली आहे, हे त्याच्या कानावर आलं होतं. तो आवाज न चढवता म्हणाला, “डॉक्टरसाहेब, राग मानू नका. पण गर्दी करू नका, सभा घेऊ नका, हे आम्ही ऐकलंय. तेव्हा कलम लावून सांगायचे, आता ताप लावून सांगतात. तुम्ही त्यांचा कागद कशाला वाचून दाखवता?”

डॉक्टर त्याच्या दंडाकडे बघत राहिले. तिथला व्रण त्यांनीच शिवलेला होता, घाईत शिवल्यामुळे जरा वाकडा. त्यांना म्हणायचं होतं, की हा कागद सरकारचा असला तरी फुप्फुसं चंपाची आहेत. पण दिवसभरात दोनशे माणसांशी बोललेल्या घशातून एवढं लांब वाक्य निघेना.

“बाई यायच्या ना पण?” मंजुळाबाईने विचारलं.

“तिला बरं नाही. ती यायची नाही.”

मंजुळाबाईने सूप परत उचललं. मग म्हणाली, “आमच्या चाळीत यायचं म्हटल्यावर बाईंना आत्ताच बरं नाय झालं काय.” तिने ते पुटपुटत म्हटलं, पण डॉक्टरांना ऐकू जाईल एवढं. इतक्या वर्षांत त्यांची जात, त्यांचं गिरगाव, त्यांची ठाकुरद्वारची घरमालकी त्या चाळीत कुणी काढली नव्हती. डॉक्टर जिना उतरले. त्यांना वाईट वाटलं, पण वाईट वाटून घ्यायलाही खाली रांगेतल्या माणसांनी वेळ दिला नाही.

रविवार उजाडला. दुपारी ओटी, संध्याकाळी सभा. सकाळी डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर एका म्हाताऱ्याला बघायला गेले असताना शेजारच्या खोलीतून शैलाने हाक मारली. शैला म्हणजे चाळीतली सगळ्यात हसरी बाई, नवरा गोदीत, तीन वर्षांची बेबी नावाची पोर. चंपाची ती जिवाभावाची मैत्रीण. दोन्ही वेळा चंपा रिकामी झाली तेव्हा तिला पोटाशी धरून बसलेली. डोहाळजेवणाला फुलांची वाडी भरायचं काम तिच्याकडे होतं. तिने नवं लुगडं नेसलं होतं, तोंडाला पावडर लावली होती, आणि पावडरीखाली चेहरा लालबुंद होता.

“डॉक्टर, कालची पुडी संपली. अजून एक द्या ना. तेवढी दुपार निभावली की झालं.”

“कसली पुडी?”

“ती ताप उतरवायची. चिंतामणीभाऊंनी दिली. घेतली की घाम येतो, चार तास बरं वाटतं बघा.”

डॉक्टरांनी तिचा हात धरला. हात चुलीजवळच्या भांड्यासारखा तापला होता. पाठीला नळी लावली, तर उजव्या बाजूला खाली करकर ऐकू आली.

“तू कुठेही जायचं नाहीस. झोप. तू गेलीस तर चंपाला जाईल हे.”

शैलाचा चेहरा पडला. मग ती घाबरून म्हणाली, “तिला नका सांगू हां. म्हणेल, शैलाला माझं सुख बघवलं नाही.”

डॉक्टर खाली धावले. त्यांच्या गुडघ्यांना जेवढं धावता येत होतं तेवढं. चिंतामणीला विचारलं तेव्हा तो बिचारा गोंधळला. दोन दिवसांत तापाच्या पुड्या न्यायला बायकाच बायका आल्या होत्या. त्याने दिल्या. कुणाला ताप आला तर पुडी द्यायची, हे त्याला डॉक्टरांनीच शिकवलं होतं. त्या पुड्या बायका झोपून राहण्यासाठी नेत नव्हत्या, ओटीला उठून बसता यावं म्हणून नेत होत्या, हे त्याला कसं कळणार? डॉक्टरांनाही कळलं नव्हतं. अंगात ताप दडवून, वर छान हसू घेऊन अर्धी चाळ चंपाच्या तोंडाशी वाकायला निघाली होती, आणि तीही निव्वळ मायेपोटी. मंजुळाबाई म्हणाली ते खरंच होतं, त्यात वैरी एकही नव्हती.

शैलाचं नाव घेतलं असतं तर काम सोपं झालं असतं. पण ते नाव चाळीच्या तोंडी दिलं, की पोरीने जन्मभर तोंड लपवायचं. डॉक्टरांनी पटांगणाच्या मधोमध उभं राहून, आयुष्यात कधी चढवला नव्हता एवढा आवाज चढवला. गॅलऱ्यांतून माणसं वाकली.

“ऐका सगळे. आज जी बाई ओटीला तिसऱ्या मजल्यावर जाईल, तिच्या घरच्या कुणाचीही नाडी मी यापुढे धरणार नाही. माझ्या दवाखान्यात यायचं नाही. कुठे जायचं तिथे जा.”

इतकंच बोलून ते आत गेले आणि पडद्यामागे खुर्चीत बसले. घराघरांत तापलेली पोरं होती, म्हातारी होती. डॉक्टर तुटला तर काय करायचं? अशी धमकी देणं वाईट होतं, हे त्यांना कळत होतं. समजावण्याचं काम कुटुंबाच्या डॉक्टरइतकं कुणी चांगलं करू शकत नाही, असं कागदात होतं. समजावणं जमलं नाही तर काय करायचं, ते कागदात नव्हतं.

दुपारी तिसऱ्या मजल्यावर पाट मांडला. भोवती रांगोळी काढली. ताटात पुरणपोळ्या, वडे, पाच प्रकारचे भात. चंपा हिरव्या साडीत पाटावर बसली. एकही सवाष्ण जिना चढली नाही. गॅलऱ्यांची दारं लोटलेली होती, आणि आत बायका नेसलेली लुगडी तशीच अंगावर ठेवून बसल्या होत्या. मंजुळाबाई जिन्याच्या तोंडाशी उभी होती. ती खाली येऊन कुणाला विनवायला गेली नाही. ती तशी बाई नव्हती. ओटीच्या तबकातले तांदूळ, नारळ, खण तसेच राहिले. विधवा सासूने भरायची नाही, दुसरं कुणी आलं नाही. चंपाची ओटी रिकामी राहिली. संध्याकाळी दौलतने पाट उचलून भिंतीला लावला आणि खाली सभेला गेला. सभा झाली. तिला माणसं आली. त्यांना डॉक्टरांनी काही म्हटलं नव्हतं, आणि म्हणण्याइतकं बळही त्यांच्यात उरलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात शैला गेली. न्यूमोनियाने दोन्ही फुप्फुसं धरली. डॉक्टर तिच्या उशाशी बसले, पेनिसिलिन टोचलं, काही उपयोग झाला नाही. वरच्या मजल्यावरचे बाबुराव नावाचे एक गृहस्थही त्याच लाटेत गेले. मग हळूहळू ताप चाळीतून उतरला, जसा चढला होता तसाच, एकेक मजला करून.

चंपाला ताप आला नाही. भाद्रपदात तिला मुलगा झाला, दिवस भरून, रडका, चांगला वजनदार. बाळंतपणाला मंजुळाबाईने परळच्या दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं. बारशाला साऱ्या चाळीला आमंत्रण होतं, चिंतामणीलाही होतं. दवाखान्याच्या मालकाला नव्हतं. पेढे मात्र परळच्या डॉक्टरकडे गेले, त्याच्या हाताला गुण आहे म्हणून. डॉक्टरांनी हे राजलक्ष्मीबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, जाऊन एकदा बोला तरी.” डॉक्टर म्हणाले, “काय बोलू? तुमची सून मेली नाही, ती माझ्यामुळे, असं?” आणि कूस बदलून झोपले.

चाळ दवाखान्यात येतच राहिली. धमकी दिली त्याची आठवण कुणी काढत नसे, पण नाडी बघायला हात पुढे करताना बायका पूर्वीसारखं घरचं काही बोलत नसत. ताप आहे, खोकला आहे, इतकंच सांगत. गणपतीतलं ताट आलं नाही, शिमग्याचे काजू आले नाहीत. दौलत रस्त्यात भेटला तर मान हलवायचा. मंजुळाबाई दवाखान्यासमोरून जाताना पलीकडच्या बाजूने जाई. तिच्या कडेवर नातू असे, आणि पदर धरून बेबी असे, शैलाची. गोदीतल्या बापाला पोर सांभाळवेना, म्हणून मंजुळाबाईनेच ती उचलून वर नेली होती. “चंपाच्या मैत्रिणीची लेक, म्हणजे आमचीच,” असं ती सगळ्यांना सांगे. पोर वर नातवाच्या बरोबरीने वाढत होती, बोरन्हाण दोघांचं एकत्र झालं होतं. डॉक्टर पडद्याच्या फटीतून त्या दोन पोरांकडे बघत. मुलाची छाती भरलेली आहे, पाय सरळ आहेत, हे त्यांना तिथूनही दिसे. त्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

साठच्या एक मेला महाराष्ट्र झाला, मुंबईसकट. लालबाग सगळं रस्त्यावर होतं. मोरजे चाळीला कंदील लागले, दौलतने पटांगणात भगव्या पताका बांधल्या, मिठाईच्या दुकानांतले पेढे संपले. डॉक्टर दवाखाना उघडून बसले होते, कारण आनंदात माणसं जास्त खातात आणि मग येतात. त्यांना आनंद झाला होता, पण तोही जरा थकूनच झाला होता.

पडदा सरकला. मंजुळाबाई आत आली. तीन वर्षांत पहिल्यांदा. हातात पेढ्यांचा पुडा, मागे नातू आणि बेबी. पोरांना तिने बाहेरच्या बाकावर बसवलं आणि स्वतः टेबलासमोर उभी राहिली, बसली नाही.

“आज सगळ्यांचं तोंड गोड करतोय. म्हटलं, कुणाशी धरून ठेवायचं नाय आज. पण एक विचारायचं आहे. खरं सांगायचं.”

“विचारा, मंजुळाबाई.”

“त्या दिवशी बायका आल्या असत्या, माझ्या चंपाची ओटी भरली असती, तर खरंच तिला काय झालं असतं काय?”

डॉक्टरांनी बाहेर पाहिलं. बाकावर बेबी त्या मुलाला पेढा भरवत होती, अर्धा त्याला, अर्धा स्वतःला. तिची मान शैलासारखीच एका बाजूला कलायची. शैलाचं नाव घेतलं असतं, तर मंजुळाबाईला लगेच पटलं असतं. आणि आज घरी जाऊन त्या पोरीकडे बघताना तिच्या मनात काहीतरी हललं असतं. थोडंच, पण रोज. शैलाने शेवटीही झोपल्या जागेवरून हात जोडून मागितलं होतं, चंपाला सांगू नका. आणि शैला आली असती तरी चंपाला ताप आलाच असता, असं कुठे होतं? साऱ्या चाळीला येऊन गेला, कुणाला आला, कुणाला नाही. वीस वर्षं खोटी धीराची वाक्यं बोलून डॉक्टर कंटाळले होते.

“ठाऊक नाही,” ते म्हणाले. “आला असता ताप, नसताही आला. मला कधीच कळणार नाही.”

मंजुळाबाईचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही. तिने पुड्यातला एक पेढा काढला, टेबलावर, पट्ट्या कातरायच्या कात्रीशेजारी ठेवला. वळली. पडद्याशी थांबली.

“नुसतं होय म्हणाला असतात तरी चाललं असतं ओ, डॉक्टर,” ती म्हणाली, आणि बाहेर जाऊन दोन्ही पोरांचे हात धरून चालू लागली.

पेढा डॉक्टरांनी तिथेच राहू दिला. मग त्यांनी घंटी वाजवून पुढच्या पेशंटला आत बोलावलं.